साहेबानं मागितलेलं पाणी

तुम्ही म्हणता, ग्रामसभेत माणसानं उठून बोलावं. बोलून बघा एकदा.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आन् वरून दुष्काळ. नवा कलेक्टर साहेब आमच्या सभेला आला. म्हणला, "टँकरचं पाणी सगळ्यांना मिळतं ना? भिऊ नका, बोला."

आमच्या गल्लीत टँकर वळतच नव्हता, मधल्या गल्लीपस्तोरच यायचा. पण सरपंच साहेबाच्या मागं उभा राहून एकेकाचं तोंड बघत होता. साहेब सांजेला लातूरला जाणार, सरपंच इथंच राहणार. उद्या हा मधल्या गल्लीतलाबी टँकर बंद करील, तर तिथून आम्हाला उसनं पाणी मिळतं तेबी जाईल. कुणी हूं केलं न्हाई.

सभा उठली. जीपकडं जाता जाता साहेब आमच्याच दारात थांबला. "बाई, पाणी मिळंल का?"

सरपंचाचा माणूस थर्मास घेऊन पळत आला. पण दारात आलेल्याला तसंच कसं लावून द्यायचं? बायकोनं तांब्या भरून दिला. नाल्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी. साहेबानं तांब्यात बघितलं, मग सरपंचाकडं बघितलं.

जीप गेली तसा सरपंच परत आला. "वहिनी, साहेबाकडं तक्रार केली व्हय?"

"न्हाई बा," ती म्हणली. "त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. तुम्हालाबी देऊ का?"

तो आल्या पावली माघारी गेला. आमच्या गल्लीत पहिल्यांदा टँकरचा हॉर्न वाजला, तवा कुठं मी भाकरीला हात लावला.