नवलाईसाठी नवी पिकअप

मंडळी, ऐका! आज मी आधी सांगत नाही, आधी विचारतो. माणूस एखादी वस्तू विकत घेतो, ती कुणासाठी घेतो हो? वापरायला? की समोरच्यानं बघावी म्हणून? बोला की! — आमच्या पेटीवाल्या माधवरावांनी तर मानच खाली घातली. का हो माधवराव? परवाच नवी मोटरसायकल घेतलीत ना? घर ते देऊळ दोनशे पावलं, आणि पावलापावलाला हॉर्न! असू द्या, असू द्या. तुम्ही सूर धरा, मी आख्यान धरतो.

तर गोष्ट आहे मोरखिंडीची. डोंगरातलं गाव. गाव म्हणजे तरी काय? सात वाड्या! एक या पठारावर, दुसरी त्या ओढ्यापलीकडं. गावची देवी नवलाई. चैत्रात जत्रा. त्या दिवशी देवीची पालखी सातही वाड्यांना जाते, आणि वाड्या इतक्या लांब की खांद्यावर न्यायची तर दोन दिवस पुरायचे नाहीत. म्हणून पूर्वी ती बैलगाडीतून जायची. गाडी शेडग्यांची. पुढं बैल गेले, पिकअप आली. पिकअपही शेडग्यांचीच. मानच होता त्या घराचा!

आता त्या घरात कर्ता कोण? उद्धव शेडगे. साधा माणूस. रोपवाटिकेतली वांग्या-टोमॅटोची रोपं शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायची, हे त्याचं काम. आठवड्यातले दोन दिवस काम, पाच दिवस गाडी चिंचेखाली. गाडी चौदा वर्षांची. इंजिन ठणठणीत! दार तेवढं आतून उघडायचं नाही. उद्धवनं खिडकीतून हात बाहेर काढायचा, बाहेरची कडी दाबायची, मग साहेब उतरणार!

सगळं बरं चाललं होतं. पण गावातल्या प्रल्हाद घाडग्यानं नवी पिकअप घेतली! पांढरीशुभ्र! जत्रेच्या महिनाभर आधी देवळात बैठक बसली, तेव्हा देवीचे पुजारी, तात्या गुरव, खाकरले — "उद्धवा, औंदा देवी प्रल्हादच्या गाडीतनं नेऊ म्हन्तो. तुझ्या गाडीला बघून पावनं हसत्यात रं."

झालं! उद्धव ताडकन उठला. "तात्या, जत्रेच्या आधी नवी गाडी दारात आणतो! मी असताना शेडग्यांचा मान जायचा न्हाई!"

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या खिशातनं काय जातं हो?

दुसऱ्या दिवशी स्वारी तालुक्याला, शोरूममध्ये. टायवाल्या साहेबांनी पाणी दिलं, चहा दिला. आणि मग आकडा दिला! "साडेनऊ लाख."

"आवं, दोन वर्षांमागं इचारली तवा साडेसात म्हनला व्हता!"

"काका, ते दोन वर्षांमागं. येत्या एक तारखेला अजून वाढणार आहे."

मंडळी, गंमत बघा! गाडी काचेमागं जागेवर उभी. चाक हलत नाही. आणि किंमत घाट चढते आहे! बरं, उद्धवनं तेव्हा तरी घ्यावी? छे! "पाडव्याला घेतो," म्हणाला, "मुहूर्त चांगला." पाडव्याला गेला तर पावणेदहा! मुहूर्त साधला, पण मध्ये एक तारीख येऊन गेली होती. हसू नका! तुम्हीही तेच केलं असतं, आणि मीही तेच केलं असतं.

घरी आला. बायको शैला भाकरी थापत होती.

"शैला, पोस्टातलं समदं पैसं काढावं लागत्याल."

तिचा हात थांबला. का थांबला? ते पैसे दोघांनी मिळून साठवलेले, आणि ठेवलेले तिच्या मिरची-कांडपासाठी. मसाला कुटायला सातही वाड्यांच्या बायका बारा किलोमीटर तालुक्याला जायच्या. कांडपाचं यंत्र आपल्या दारात घालायचं, हे तिच्या मनात कितीतरी वर्षं होतं. तरी ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं —

"गाडी कुणासाठी घेताय?"

"देवीसाठी!"

"देवीनं मागितली?"

उद्धव वाकून पायातल्या वहाणा काढायला लागला!

"बरं, नवी आणली म्हंजी रोपं आठवड्यातनं सात दिस जाणार का?"

"न्हाई. दोनच दिस."

"म्हंजी पाच दिस आपल्या कोंबड्या पावणेदहा लाखांच्या सावलीत बसणार!"

अहो, आम्ही कीर्तनकार तासभर ओरडतो आणि हिनं एका वाक्यात उरकलं! पण पुढं काय म्हणाली ऐका. "मी आडवणार न्हाई. एवढी जत्रा प्रल्हादच्या गाडीतनं हुंद्या. नव्या गाडीत देवी कशी दिसती ते डोळ्यांनी बघा. मंग बी मन म्हनलं तर काढा पैसं."

उद्धवनं ऐकलं. पण कसं ऐकलं! चार दिवस घास उतरला नाही त्याला. बापानं सांभाळलेला मान आपल्या हातून गेला, हे दुःख लहान नसतं मंडळी. त्याला हसू नये.

जत्रेचा दिवस उजाडला. प्रल्हादची गाडी झेंडूनं सजलेली! आत पालखी, पालखीत देवी, शेजारी तात्या गुरव. हलगी कडाडली! आणि आपला उद्धव? सगळ्यात मागं. त्याच्या जुन्या गाडीत पिण्याच्या पाण्याची पिंपं. काल मानकरी, आज पाणक्या!

पहिली वाडी आली. बायका ओट्या घेऊन उभ्या. आता मोरखिंडीची रीत अशी की ओटी गुरवाच्या हाती द्यायची नाही. ज्या बाईची ओटी, तिनंच खण-नारळ देवीच्या मांडीवर ठेवायचा, स्वतःच्या हातानं पाय शिवायचे. वर्षातून हा एकच दिवस! पण नवी गाडी उंच! हौदा बायकांच्या छातीला लागायला लागला. उंच पोरींनी टाचा उचलून कसंबसं जमवलं. बाकीच्यांना तात्या वरून म्हणायला लागले, "द्या, द्या, मी ठेवतो." बायकांनी दिलं. काय करतील? पण देऊन मागं फिरताना एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं.

दुसऱ्या वाडीतही तेच! तिसऱ्या वाडीत दारात बसलेली चांगुणा आजी. वय चौऱ्याऐंशी. कमरेत अशी वाकलेली की चालताना तिला लोकांचे पायच दिसायचे. पहाटेपासून उपाशी. ओटी पदरात. काठी टेकत गाडीशी आली, हात वर केला. लागलं काय? नुसता पत्रा!

"देवी कुठं हाय रं?"

"वर हाय आजी!"

"मला न्हाई गावत."

एक पैलवान पुढं झाला, "आजी, तुला उचलतो."

आजी काय म्हणाली? "नगं बाबा! मला उचलायला चौघं येत्याल, तवा येत्याल. आज मी माझ्या पायावर आली हाय."

सगळे हसले. आजी नाही हसली. पत्र्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. तात्या म्हणाले, "आजी, दे हिकडं ओटी." तिनं पदर घट्ट धरला. दिली नाही! हलगी थांबली.

आणि मग, मंडळी, केबिनमधून कोण उतरलं? प्रल्हाद! तरणाबांड, नव्या गाडीचा मालक. तो चालत मागं आला आणि उद्धवला म्हणाला, "दादा, तुझी गाडी म्होरं घे."

"आरं, पर औंदा मान तुझा—"

"मान ऱ्हाऊ दे. म्हातारीचा हात पोचंना झालाय."

पिंपं उतरली. जुनी गाडी पुढं आली. मागचा फाळका खाली सोडला, पालखी आत ठेवली. आणि काय सांगू! मुळात ती गाडी बुटकी. त्यात चौदा वर्षं ओझं वाहून तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, बसलेले, मागची बाजू आणखी खाली आलेली. मेकॅनिक दरवर्षी सांगायचा बदल, उद्धव म्हणायचा पुढच्या वर्षी. त्या बसलेल्या पाट्यांनी देवी बरोबर वाकलेल्या म्हातारीच्या तोंडासमोर आणून ठेवली!

आजीनं ओटी ठेवली. दोन्ही हातांनी देवीचे पाय धरले. कितीतरी वेळ धरून राहिली. मग म्हणाली, "आली गं बाई, हाताला आली." आणि तशीच वाकून उद्धवला म्हणाली, "मी हाय तवर ही गाडी बदलू नगंस रं."

उद्धव त्या पाण्याच्या पिंपाला टेकून पोरासारखा रडला! ज्या गाडीची त्याला लाज वाटत होती, तिच्यापाशी पालखीबरोबर चालत आलेल्या मागच्या दोन वाड्यांतल्या बायका धावत येत होत्या, राहून गेलेले पाय शिवायला.

मग पोस्टातल्या पैशाचं काय? कांडप आलं हो! पहिल्या दिवशी शैलानं लवंगी मिरची घातली आणि अख्खी वाडी शिंकायला लागली. शिंकत होती आणि हसत होती! तालुक्याची पायपीट संपली.

आता कुणी उठून म्हणेल, "बुवा, म्हणजे नवी गाडी घ्यायचीच नाही का?" घ्या की! प्रल्हादची गाडी रोज पहाटे दूध घेऊन शहरात जाते, एक दिवस खाडा नाही. त्याच्याकडं काम होतं, त्यानं गाडी घेतली. शोभलं! उद्या उद्धवची गाडी खरंच थकेल, तेव्हा तोही घेईल, आणि घ्यावीच. किंमत कितीही चढू दे, काम असेल त्याला ती परवडते. बैठकीत ताडकन उठून घेतलेली मात्र कधीच परवडत नाही.

पण मायबाप, मला पिकअपचं बोलायचंच नव्हतं. मला तुमचं बोलायचंय! तुम्ही चढलात. घर चढलं, पगार चढला, दारात गाडी आली. आनंद आहे! पण घरी जाऊन एक करा. तुमच्या आईला विचारा, तुमच्या वाकलेल्या आजीला विचारा — "माझ्यापर्यंत तुझा हात पोचतो का गं?" ती "हो" म्हणेल. आई कधी "नाही" म्हणते का? म्हणून उत्तरावर जाऊ नका. तुम्हीच जरा खाली बसा.

चला, म्हणा आता देवीचं नाव! अहो, असं पुटपुटू नका. ते बघा, मागं भिंतीला टेकून म्हाताऱ्या बसल्यात. त्यांच्यापर्यंत पोचू द्या!