साहेब थोरलीशेजारी आडवे झाले तेव्हा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फार्मचे मालक, माननीय मोठे साहेब; ज्यांच्या निमित्तानं आपण सगळे धुतलेले कपडे घालून आलो आहोत, ते सत्कारमूर्ती इंजिनिअर साहेब; त्यांच्या बाईसाहेब; मॅनेजर साहेब; व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि न मिळालेले सर्व मान्यवर; आणि तीन वेळा साबण लावून हात धुतले तरी ज्यांच्या शेजारचे पाहुणे जरा सरकूनच बसले आहेत, त्या माझ्या सहकाऱ्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी डुकरिणींच्या बाळंतघराची मुकादम. फार्मवर येऊन बावीस वर्षं झाली. मॅनेजर साहेबांनी मला भाषण लिहून दिलंय. त्यात इंजिनिअर साहेबांना तीन वेळा ‘दीपस्तंभ’ म्हटलंय. साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण दीपस्तंभ बाळंतघराच्या गटारात पाय घालून पडत नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत चारदा पडलात. म्हणून तो कागद मी घडी करून ठेवलाय, आणि जे बघितलं तेच सांगणार आहे. मॅनेजर साहेब, पाणी प्या. फार लांबवणार नाही.

पाहुण्यांसाठी आधी थोडं सांगावं लागेल, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची डुकराशी गाठ फक्त शिवीतच पडलेली असणार. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. उकडलं की ते चिखलात लोळतं, आणि आपण नाक मुरडतो. अहो, ती घाण नाही, तो त्याचा पंखा आहे! आता आमच्या सिमेंटच्या घरात चिखल कुठून आणायचा? त्यात बाळंतघराची गोष्ट आणखी अवघड. आईला हवा गारवा, कारण दूध तयार करताना तिच्या अंगात भट्टी पेटलेली असते. आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू, अंगावर ना धड केस ना चरबी, त्याला हवी ऊब. दोघंही एकाच कठड्यात, म्हणजे लोखंडी गजांच्या खणात, हातभर अंतरावर. आमच्या घरी सासूबाई पंखा लावतात आणि मामंजी बंद करतात, तसंच. फरक इतकाच की आमच्याकडे त्या भांडणात अजून कुणी दगावलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी इंजिनिअर साहेबांनी नवं बाळंतघर बांधलं. नकाशा बघण्यासारखा होता. माझ्या छातीपर्यंत सलग भिंत, तिच्यावर खिडक्यांची रांग, वर चकचकीत पत्रा. आत उभं राहिलं की वारा असा भुरुभुरु लागायचा! उद्घाटनाच्या दिवशी आपले अध्यक्षमहोदय मधोमध उभे राहून म्हणाले होते, “वा, इथं तर मीच राहायला येईन!” आम्ही वाट बघितली. ते काही आले नाहीत.

पण मंडळी, डुकरीण उभी कधी असते? खायला उठते तेवढीच. बाकी सारा दिवस आडवी. वारा वरून जायचा आणि ती खाली शिजायची. उन्हाळा लागला तशा माद्या खाणं सोडायला लागल्या, दूध आटायला लागलं. मग साहेबांनी छताला फवारे लावले. आई ओली, पिल्लं ओली, फरशी ओली, मी ओली. ओली पिल्लं काकडायची आणि उबेसाठी आईच्या पोटाखाली शिरायची. उकाड्यानं हैराण झालेली आई सारखी उठायची आणि धपकन बसायची. एका आठवड्यात सतरा पिल्लं चेंगरली.

मोठ्या साहेबांनी अहवाल मागितला. इंजिनिअर साहेबांनी लिहिला. कारण काय दिलं? ‘सकाळपाळीच्या कामगाराचा निष्काळजीपणा.’ सकाळपाळीला होती माझी धाकटी जाऊ. तिला कामावरून काढलं. त्याआधी मला ऑफिसात बोलावून रीतसर विचारलं होतं, “मुकादमबाई, तुम्हाला काही सांगायचंय?” सांगायचं होतं. भिंतीचं, फवाऱ्यांचं, सगळं सांगायचं होतं. पण मुकादम होऊन मला दोनच महिने झाले होते. मी माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, “नाही, साहेब.”

हे इथं सगळ्यांसमोर सांगतेय, कारण नुसती साहेबांची चूक सांगून स्वतः धुतल्या तांदळासारखी राहणं मला जमायचं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी थोरली आडवी झाली. थोरली म्हणजे आमची सगळ्यात मोठी मादी. सहावं बाळंतपण, दिवस भरलेले, अंगानं ही एवढी, आणि स्वभावानं आमच्या मॅनेजर साहेबांपेक्षा शांत. दुपारचे दोन वाजले होते. ती तोंड उघडं टाकून धापा टाकत होती आणि डोळे अर्धे मिटले होते. मी धावत ऑफिसात गेले.

साहेब म्हणाले, “उष्णतेचा मीटर तीस दाखवतोय. तीसला काही होत नाही.”

“मीटर कुठाय, साहेब?”

“दाराशी. सावलीत.”

“थोरली दाराशी झोपत नाही.”

साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. खिडकीशी उभे राहून म्हणाले, “वारा तर चांगला आहे.”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, नोकरी गेली तर दोघी जावा मिळून घरी बसू. मी म्हणाले, “साहेब, एकदा झोपून बघा.”

“काय?”

“हिच्या शेजारी झोपून बघा. उभ्यानं सगळ्यांनाच वारा लागतो.”

आता कुणालाही वाटेल, इंजिनिअर माणूस, भडकेल. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं, आणि खिशातून रुमाल काढून फरशीवर अंथरायला लागले. मी म्हणाले, “तिनं रुमाल अंथरलाय का?” त्यांनी रुमाल उचलला आणि शेजारच्या रिकाम्या कठड्यात आडवे झाले. बाईसाहेब, त्या दिवशी शर्टाचं काय झालं असं तुम्ही विचारलं असेल आणि साहेबांनी काहीतरी थाप मारली असेल. तर शर्टाचं हे झालं होतं.

साहेब आणि थोरली, तोंडासमोर तोंड, मधे फक्त लोखंडी गज. मी त्यांचा रुमाल घेऊन खिडकीच्या उंचीला धरला. फडफडायला लागला. तोच त्यांच्या नाकाशी धरला, तर लोंबत राहिला. धागासुद्धा हलला नाही. वर पत्रा तडतडत होता. साहेब घड्याळाकडे बघून थोरलीचे श्वास मोजायला लागले. एका मिनिटात शंभराला दोन कमी. थंडीत तीच मादी पंचवीस-तीसच्या वर जात नाही.

वीस मिनिटं ते तसेच पडून होते. मग म्हणाले, “ही मरेल का?”

मी म्हणाले, “पाणी घालूया. मानेवर. हळूहळू. एकदम गार ओतलं तर झटक्यानं जाईल.”

साहेब प्लॅस्टिकचा मग घेऊन थेंब थेंब पाणी घालायला लागले. अर्ध्या तासात त्यांचा हात भरून आला. लिहिणाऱ्याचा हात तो! त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पत्र्याचा एक रिकामा डबा उचलला, खिळ्यानं बुडाला भोक पाडलं, आणि पाणी भरून थोरलीच्या मानेवर टांगला. टप, टप, टप. फक्त मानेवर. पिल्लांची जागा कोरडी. शोध म्हणे कष्टातून लागतात. आपल्या फार्मवरचं हे ठिबक आळसातून लागलं, आणि त्याची साक्षीदार मी आहे.

पाचच्या सुमाराला थोरली उठली आणि पाणी प्यायली. साहेब तिथंच खाली बसले होते. मला म्हणाले, “तुमच्या जावेचं काही चुकलं नव्हतं.” मी म्हणाले, “नाही, साहेब.” तेच दोन शब्द. पण त्या दिवशी चपलांकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो, तर साहेब घण घेऊन भिंत फोडत होते. एकटे. इंजिनिअरला घण मारता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. मग आम्ही तिघी-चौघी लागलो. फरशीपासून गुडघ्यापर्यंत एकाआड एक विटा काढल्या. फवारे बंद केले. प्रत्येक कठड्याच्या कोपऱ्यात पिल्लांसाठी लाकडी पेटी, आत कोरडं गवत आणि एक बल्ब. आईला वारा, पोरांना दिवा. पिल्लं आपली पेटीत गोळा होऊन झोपायची आणि भूक लागली की बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी थोरली व्याली. अकरा पिल्लं. अकराच्या अकरा जगली.

आणि चौथ्या दिवशी मोठे साहेब आले. अध्यक्षमहोदय, तुम्ही आत्ता हसताय, तेव्हा हसला नव्हतात. “भिंत कुणी पाडली?” म्हणून असे ओरडलात की माद्यांनीसुद्धा माना वर केल्या.

इंजिनिअर साहेब पुढे झाले. “मी पाडली. बांधलीही मीच होती, आणि चुकीची बांधली होती. ती सतरा पिल्लं भिंतीनं मारली, त्या बाईनं नाही. माझा अहवाल खोटा होता.”

याचं बक्षीस काय मिळालं? चौदा महिने खाद्याच्या गोदामात पोती मोजायचं काम. एवढा शिकलेला माणूस! पुढचा उन्हाळा आला आणि गेला, आख्ख्या मोसमात चेंगरली ती दोन पिल्लं. मग कुठे साहेबांना परत बोलावलं. मोठे साहेब पाहुण्यांना विटांची भोकं दाखवून सांगायला लागले, “ही आमची कल्पना.” ‘आमची’ शब्दात आम्हीही आलो, असं समजून आम्ही गप्प बसलो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. गोदामात पाठवल्याच्या आठवड्यातच साहेब आमच्या घरी आले. दार मी उघडलं. जाऊ आतून म्हणाली, “त्यांना सांगा, मी घरी नाही.” साहेबांनी ते ऐकलं. “बरं, उद्या येतो,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती दाराशी आली. म्हणाली, “माझ्याविरुद्ध कागदावर लिहिलंत ना? मग चूकही कागदावरच कबूल करा.” तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर साहेबांच्या सहीचा कागद लागला. जाऊ फाटकातून आत आली, तो कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, आणि साहेबांना म्हणाली, “बरं झालं. पण मी परत यायची नाही.” आणि आली नाही. आज बेकरीत काम करते, आणि तिथली मालकीण तिला वचकून असते.

साहेब, ती परत आली नाही म्हणून तुम्ही बरेच दिवस खट्टू होतात. पण तुम्ही दोनदा आमच्या दाराशी आलात. मी त्याच दाराच्या आत राहत होते. एकाच चुलीवर आम्ही दोघी अकरा वर्षं स्वयंपाक केला, एकमेकींच्या पोरांची दुखणी काढली, आणि त्या ‘नाही, साहेब’बद्दल मी तिच्याशी चकार शब्द काढला नाही.

या भाषणाची तयारी करायला बसले, तेव्हा वाटलं, आख्ख्या सभागृहानं ऐकायच्या आधी हे तिनं ऐकायला हवं. म्हणून काल दुपारी भाजी निवडताना तिला सांगितलं. “मला तेव्हा बोलता आलं असतं. घाबरले आणि बोलले नाही. चुकलं माझं.”

तिनं हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, “ताई, गाभण डुकरीणसुद्धा एकशे चौदा दिवसांत मोकळी होते. तुम्हाला अकरा वर्षं लागली?” आणि उठून माझ्यासाठी चहा ठेवला.

इंजिनिअर साहेब, तुम्हाला आणि बाईसाहेबांना उरलेलं आयुष्य सुखाचं जावो. अध्यक्षमहोदयांनी मला मधेच थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. मॅनेजर साहेबांनी भाषण लिहायचे कष्ट घेतले, त्यांचेही आभार, आणि ते वाचलं नाही म्हणून माफी. माझ्या तोंडून कुणाला काही जास्त लागलं असेल, तर मी दिवसभर ज्यांच्याशी बोलते त्या उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे जिभेला वळण राहिलेलं नाही, असं समजून सोडून द्या. माझ्या जावेनं सोडून दिलं, तुम्हाला काय अवघड आहे? नमस्कार.