भिंतीजवळचा दुधी

मालनबाई : बोट खाली घे आधी! दुधीला सरळ बोट दाखवत्यात का? फळ कुजून गळतंय. वाकव.

अश्विनी : आत्या, हे काळं पडलेलं फळ दाखवतेय. याचं आता आणखी काय वाईट होणार?

मालनबाई : बाकीची बगत्यात की. आन म्हनं सूनबाई शाळंत सायन्स शिकवती!

अश्विनी : बरं, वाकवलं. पण मेथी, गवार, पुदिना सगळं छान येतं आपल्याकडे. मग दुधीच का बोटभर होऊन गळतात?

मालनबाई : मला म्हाईत हाय.

अश्विनी : मलाही. दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी. तेव्हा पतंग फिरायला हवेत, नर फुलातला पराग मादी फुलावर पडायला हवा. इथे समोर ढाब्याचा एवढा मोठा दिवा, हे लहान होते तेव्हापासूनचा. सगळे पतंग तिकडे. म्हणून आज मीच करते. हे नर फूल. पाकळ्या काढल्या. आता मादी फुलात हलकेच फिरवायचं, की झालं.

मालनबाई : नगं.

अश्विनी : वेलाला काही होत नाही हो.

मालनबाई : वेलाचं कोन म्हनतंय? ऱ्हाऊ दे म्हनलं ना.

अश्विनी : दर वर्षी जाऊबाईंकडून बी आणता, मांडव घालता, पाणी घालता आणि भाजीला दुधी बाजारातून. आळीतल्या बायका हसतात.

मालनबाई : हसू दे.

अश्विनी : आत्या, तुम्हाला फळ नकोच आहे का?

मालनबाई : मोनी बोट दाखवायची. "आई, ह्यो बग आला, त्यो बग आला!" वाकव म्हनलं की मुद्दाम ताठ करायची. लई द्वाड. ती हुती तवर एक दुधी टिकला न्हाई.

अश्विनी : तिसरीत होती ना? हे सांगतात कधी कधी.

मालनबाई : व्हय. तापानं गेली. तुजा रविराज तवा ल्हान, त्याला तर नीट आठवत बी न्हाई. म्हनलं, आता तरी वेल लदबदंल. न्हाई लागला. एक बी न्हाई. तवा कळलं मला.

अश्विनी : काय?

मालनबाई : गेली न्हाई ती. हितंच हाय. आन तू म्हनती पतंग.

अश्विनी : म्हणजे मी हे फूल फिरवलं आणि दुधी धरला, तर...

मालनबाई : तर मी रोज सांजच्याला हितं कुनापाशी बसू?

अश्विनी : हे बघा, टाकलं फूल.

मालनबाई : तसं नगं. तुजी बी हौस हाय. मांडवावरची फुलं तुला. भिंतीजवळची सोड. तिचा हात तितवरच पुरायचा.

अश्विनी : भिंतीजवळ मी जातच नाही. तिकडे तर... आत्या, इकडे या जरा.

मालनबाई : काय गं? इचू हाय का?

अश्विनी : या पानाखाली. वीतभर झालाय. हिरवागार, देठ जाड. हा टिकला, आत्या. मी हात लावलेला नाही, खरंच. चुकून एखादा पतंग आला असेल.

मालनबाई : आसंल.

(मालनबाई बराच वेळ पान तसंच वर धरून राहतात.)

अश्विनी : आत्या? रडताय?

मालनबाई : न्हाई गं. मोठी झाली म्हनायची पोर. बोट वाकवाया शिकली.