ईशान्येचं दार

(होक्काइदोमधलं एक खेडं, ऑक्टोबर संपत आलेला. जुनं घर पाडून मोकळ्या केलेल्या जागेवर नव्या घराच्या खोल्या पांढऱ्या दोरीनं आखल्या आहेत. म्हातारे तोमेजी, त्यांची सून चिहारु आणि बांधकाम घेतलेला ओनोदेरा दोरीच्या आत उभे आहेत.)

तोमेजी : मग माझा फायदा मोजून दाखव ना. सोसायटीच्या झाडून सगळ्या शेतकऱ्यांचे हिशेब लिहितेस, एकदा सासऱ्याचाही लिही. गॅरेजमधून घरात यायचं दार माझ्या खोलीला लागून आलं, तर माझ्या पदरात काय पडतं?

चिहारु : हिवाळ्यात बूट चढवून अंगण ओलांडावं लागत नाही. अंथरुणातून उठलात की सरळ गाडीत.

तोमेजी : एवढंच?

चिहारु : आणि कुणाला कळत नाही. सगळ्यात मोठी रक्कम तीच आहे.

तोमेजी : वा. आता तुझ्या बाजूचं बोल. दार स्वयंपाकघरात उघडलं तर तुला काय मिळतं?

चिहारु : किराणा थेट आत येतो.

तोमेजी : एका तांदळाच्या पोत्यासाठी एवढा हट्ट? मिसो सूपला पेट्रोलचा वास यायला लागला की मासातो पहिल्याच दिवशी वाडगा खाली ठेवेल. माझाच मुलगा आहे, नाक माझंच आहे. ओनोदेरा, तू का गप्प? दोघांकडूनही चहा प्यायलास म्हणून?

ओनोदेरा : तसं बघितलं तर तोमेजी-सान, दार दोन्हीकडे होऊ शकतं. फक्त आज ठरायला हवं. गॅरेजची जमीन घरापेक्षा खाली राहते. मध्ये बूट काढायची जागा आणि पायरी. ती पायरी पायाबरोबरच ओतावी लागते. आणि जमीन गोठायच्या आत पाया पडला नाही, तर मग... म्हणजे कसं... सगळं वसंतावर जातं.

तोमेजी : वसंतापर्यंत त्या भाड्याच्या खुराड्यात मी राहायचा नाही. वरचा भाडेकरू रात्रभर चालत असतो, कुठे पोचतो कुणास ठाऊक. तर ठरलं. दार माझ्या खोलीला लागून.

चिहारु : ठरलं नाही, बाबा. दिशा बघणाऱ्या बाईंना मी नकाशा दाखवला. तुमच्या खोलीचा तो कोपरा ईशान्येला येतो.

तोमेजी : ईशान्येला.

चिहारु : भुतं शिरायची बाजू. तिथे दार ठेवायचं नसतं. आईंनी जुन्या घरात त्या कोपऱ्यात साधी खिडकीसुद्धा होऊ दिली नव्हती, तुम्हीच सांगता.

तोमेजी : नव्हतीच होऊ दिली. बशीत मीठ घालून ठेवायची तिथे, दर पहिल्या तारखेला. फुसाए होतीच तशी. पण तू? नवीन वर्षाला देवळात चल म्हटलं तर गर्दी असते म्हणणारी तू. भुतांची चौकशी कधीपासून करायला लागलीस?

चिहारु : घर माणूस एकदाच बांधतो.

तोमेजी : तेही खरं. ओनोदेरा, या घराचा मध्य कुठे येतो?

ओनोदेरा : मध्य? मध्य म्हणजे... साधारण ती लाल खुंटी आहे ना, तिथे.

तोमेजी : हात दे. दोरीत पाय अडकायचा माझा. हं. आता बघ. हे समोर डोंगर. सूर्य त्यांच्या मागूनच येतो, माझ्या बापाच्या वेळेपासून. म्हणजे ती पूर्व. हा माझा डावा हात, ही उत्तर. सूनबाई, मी जन्मभर या रस्त्यांवरचा बर्फ लोटायची गाडी चालवली. वादळात स्वतःचा पंजा दिसायचा नाही, पण उत्तर कुठे आहे ते बुडाखालच्या सीटला कळायचं. आता उत्तर आणि पूर्व यांच्या मधोमध काय येतं, ओनोदेरा?

ओनोदेरा : तसं बघितलं तर...

तोमेजी : बघितलं म्हणूनच विचारतोय.

ओनोदेरा : स्वयंपाकघर.

तोमेजी : आणि माझी खोली?

ओनोदेरा : आग्नेयेला. शुभ मानतात ती बाजू.

तोमेजी : मग तुझ्या नकाशावरचा उत्तरेचा बाण त्या पलीकडच्या चाऱ्याच्या सायलोकडे का बघतोय?

ओनोदेरा : ते... वहिनी म्हणाल्या की बाण जरा फिरवला तर... म्हणजे कसं, बांधकामाला त्यानं फरक पडत नाही.

तोमेजी : उत्तर फिरवली. आजवर कुठल्या मंत्र्यालाही जमलं नाही हे. आणि त्या दिशावाल्या बाईंना काय दिलंस, सूनबाई?

चिहारु : बाई कुणी नाहीतच.

तोमेजी : तरीच. तू असल्या कामाला दमडी सोडणार नाहीस, हे मला आधी सुचायला हवं होतं. आता सरळ बोल.

चिहारु : तुम्ही गाडी चालवू नये असं आम्हाला वाटतं.

तोमेजी : हां, हे सरळ आहे. आणि जुनंच आहे. मागच्या वर्षी परवान्यासाठी परीक्षा दिली मी. चित्रं दाखवली, झाकली, मग विचारली. तोफ, कोंबडा, इस्त्री, सगळी सांगितली. शेजारचा म्हातारा इस्त्रीवर अडकला, माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे तो. आणि मी चालवतो कुणासाठी? मला काय शहरात जाऊन नाचायचंय?

चिहारु : हिनाकोसाठी.

तोमेजी : माहीत आहे ना? नात माझी बर्फावरून घसरली, तेव्हापासून लंगडते. बसमध्ये चढताना मागची पोरं खोळंबतात, कुणीतरी काहीतरी बोलतं. ती घरी सांगत नाही, पण मला तिच्या तोंडावरून कळतं. दार माझ्या खोलीशी असलं की मी पहाटे उठून गाडी तयार ठेवीन. घरातून गाडीत, गाडीतून शाळेच्या दारात, तिचा पाय बर्फाला लागणार नाही. बाकी माझा काय उपयोग राहिलाय या घराला? जमीन दिली, ती दिली. आता देण्यासारखं हेच उरलंय माझ्याकडे.

चिहारु : ओनोदेरा-सान, तुम्ही थोडा वेळ तुमच्या गाडीत जाऊन बसता?

तोमेजी : बसू दे की इथेच. बाण फिरवताना हवा होता, आता का नको?

चिहारु : बरं. बाबा, हिनाको घसरली नव्हती.

तोमेजी : म्हणजे?

चिहारु : जुन्या शेडमधून तुम्ही गाडी मागे घेतलीत. ती मागे फावड्यानं बर्फ ओढत होती. तुमचं चाक रुतू नये म्हणून.

तोमेजी : नाही. खांबाला लागली होती गाडी. मागे पोचा आहे अजून, जा बघ.

चिहारु : खांबाचं मासातोनं तुम्हाला सांगितलं. घसरल्याचं हॉस्पिटलात मी सांगितलं. चाक गुडघ्याशी गेलं. हाड जिथून वाढतं, तिथेच मोडलं. तिचा दुसरा पाय वाढतोय. मोडलेला वाढणार नाही.

तोमेजी : माझ्या गाडीखाली.

चिहारु : हो.

तोमेजी : आणि तुम्ही सगळे गप्प बसलात. एकाच टेबलावर जेवतोय मी तुमच्याबरोबर, आणि मला कुणी सांगितलं नाही.

चिहारु : सांगितलं.

तोमेजी : कधी?

चिहारु : ही चौथी वेळ आहे, बाबा.

ओनोदेरा : मी... मी गाडीतच बसतो.

तोमेजी : थांब तू. चौथी. मग पहिल्यांदा मी काय केलं?

चिहारु : परवाना काढून टेबलावर ठेवलात. म्हणालात, पोलीस चौकीत देऊन ये, आत्ताच्या आत्ता. चौकी बंद झाली होती. सकाळी तो तुम्हाला टेबलावर दिसला आणि माझ्या खिशातला परवाना बाहेर कुणी काढला म्हणून घर डोक्यावर घेतलंत.

तोमेजी : दुसऱ्यांदा?

चिहारु : दुसऱ्यांदाचं राहू दे.

तोमेजी : बरं.

चिहारु : तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हिनाको दारात उभी होती, मला दिसली नाही. तुम्ही जमिनीवर बसलात आणि तिच्यासमोर डोकं टेकवलंत. उठेनात. शेवटी तिनंच उठवलं तुम्हाला, तसल्या पायानं. झोपताना मला म्हणाली, आई, आजोबांना आता परत सांगू नको. त्यांना दर वेळी पहिल्यांदाच कळतं.

तोमेजी : तिला तू शब्द दिलास?

चिहारु : दिला. म्हणून मग भुतं आणली. म्हटलं, भुतांवर तुमचा विश्वास नसला तरी आईंच्या मिठावर आहे.

तोमेजी : मग आज का मोडलास शब्द?

चिहारु : तुम्ही उत्तर ओळखलीत म्हणून. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

तोमेजी : उत्तर राहिली डोक्यात. इस्त्री राहिली.

चिहारु : हो.

तोमेजी : गाडी विकून टाक.

चिहारु : हिनाकोला आठवड्यातून दोनदा पायाच्या व्यायामाला न्यावं लागतं. गाडीशिवाय कशी नेऊ? किल्ली मी तांदळाच्या डब्यात पुरली, ती तुम्ही काढलीत. गळ्यात अडकवून फिरले, तर तुम्ही किल्लीवाल्याला बोलावून दुसरी करून घेतलीत. भातशेताच्या बांधाला टेकलेल्या गाडीतून दोनदा घरी आणलंय तुम्हाला. तुम्ही दर वेळी कबूल होता, बाबा, अगदी मनापासून होता. पण ते दोन दिवसही टिकत नाही. म्हणून दार स्वयंपाकघरात, माझ्या टेबलासमोर हवं. मी दिवसभर तिथेच लिहीत बसलेली असते. शटर उघडायचा रिमोट माझ्याकडे राहील.

तोमेजी : म्हणजे तू राखण करणार. हिशेब लिहीत एक डोळा दारावर.

चिहारु : हो.

तोमेजी : किती वर्षं?

चिहारु : ते मी मोजलेलं नाही.

तोमेजी : तू मोजलं नाहीस असं पहिल्यांदाच ऐकतोय. की हेही आधी ऐकलंय?

चिहारु : नाही. हे आजच.

तोमेजी : ओनोदेरा, कागद काढ. सहीचा शिक्का आहे माझ्याकडे. आणि बाण सरळ कर आधी, उलट्या उत्तरेवर मी शिक्का मारणार नाही. दार स्वयंपाकघरात. माझ्या खोलीच्या त्या बाजूला नुसती भिंत. खिडकीपण नको, गाडी बाहेर निघताना दिसेल.

ओनोदेरा : खिडकी नसली तर खोलीत सकाळचं ऊन येणार नाही, तोमेजी-सान. ती एकच बाजू आहे उन्हाची.

तोमेजी : भिंत लिही.

ओनोदेरा : लिहिली. इथे... आणि इथे एक शिक्का.

तोमेजी : हं. आता ऐक. उद्या मी तुला फोन करीन. परवाही करीन. म्हणेन, दार माझ्या खोलीकडे सरकव, नात लंगडते माझी. काय सांगशील?

ओनोदेरा : म्हणजे कसं... वहिनींना विचारून कळवतो, असं.

तोमेजी : मग मी वहिनींच्या मागे लागेन. पाया ओतून झाला म्हणून सांग.

ओनोदेरा : पण काँक्रीट तर पुढच्या आठवड्यात...

तोमेजी : झाला म्हणून सांग. मी शिव्या देईन, तू ऐकून घे. जमीन कुणाची म्हणून विचारीन, तेही ऐकून घे. त्या म्हाताऱ्याला दया दाखवू नको, फार चिवट आहे तो.

ओनोदेरा : बरं.

तोमेजी : जा आता. गाडीत बस, थंडी आहे. चिहारु, दुसऱ्यांदा मी काय केलं होतं?

चिहारु : राहू दे म्हटलं ना.

तोमेजी : मारलं तुला?

चिहारु : फावडं फेकलंत. लागलं नाही.

तोमेजी : लागलं असतं तरी सांगितलं नसतंस.

चिहारु : चला, ती शाळेतून येईल. दार कुठे ठरलं ते विचारणार आहे, सकाळपासून तिच्या डोक्यात तेच आहे.

तोमेजी : काय सांगू तिला?

चिहारु : ईशान्येचं कारण सांगा. मी तुम्हाला सगळं सांगून टाकलं, हे तिला कळायला नको.

तोमेजी : तिला पटेल?

चिहारु : पटल्यासारखं दाखवेल. सवय झालीय तिला.

तोमेजी : म्हणजे माझ्या वाट्याचं सगळं तिनंच भरलं. पाय तिनं दिला, आणि खोटंही तिलाच बोलावं लागतं.

चिहारु : दर रविवारी. तुम्ही तिला शेजारी बसवता आणि विचारता, कशी गं पडलीस. ती सांगते, बर्फावरून घसरले, आजोबा.

तोमेजी : मग मी काय म्हणतो?

चिहारु : बाबा, थंडी वाढतेय.

तोमेजी : काय म्हणतो मी?

चिहारु : म्हणता, बघून चालावं माणसानं.