मेल मोडून बघायला शिकवणारी शैला

मंडळी, शैलाच्या या शोकसभेत सगळ्यांचं बोलून झालं आणि मी आत्ता उठतोय. उशीर झाला, माफ करा. मघापासून उठायचं मनात येत होतं आणि परत खाली बसत होतो. शिक्षण सातवीपर्यंत, त्यात स्वभाव घाबरट. सुहासराव, तुमच्यासमोर तुमच्या बायकोबद्दल काय बोलावं, सुचत नाही.

आपल्या सांगलीच्या हळदपेठेतल्या माझ्यासकट कितीतरी दुकानदारांचे हिशेब शैला कॉम्प्युटरवर बघायची. कोरेगावची लेक. मी तिला पोरी म्हणायचो, ती मला तात्या.

मागं एकदा मला मेल आला. आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, तिचंच नाव, तिचंच चिन्ह. 'परवाना संपला. आजच खालची लिंक दाबून पासवर्ड भरा, नाहीतर सगळे हिशेब पुसले जातील.' शैलाला फोन लावला.

"पोरी, सगळं गेलं!"

"काय दाबलं का?"

"न्हाई अजून."

"मग काय गेलं? चहा ठेवा, आले मी."

आली. मी म्हणालो, "अगं, खराच असणार. दुकानाचं नाव बरोबर लिवलंय." आपण पेठेतली माणसं. नाव घेऊन हाक मारली, की तो माणूस ओळखीचा वाटतो. ती हसली. "आवं तात्या, नाव बोर्डावर एवढं मोठं रंगवलंय. रस्त्यानं जाणारा रिक्षावाला बी वाचतो. म्हणून त्याला गल्ल्याची किल्ली देता व्हय?"

मग तिनं पोत्यातलं एक हळकुंड माझ्या हातात ठेवलं. "घेताना काय करता?"

"मोडून बघतो."

"का? वरनं पिवळंच हाय की."

"वरनं पॉलिश असतंय, पोरी. आतला रंग बघाय लागतो."

"मग मेल का मोडून बघत न्हाई?"

तिनं पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. आत दडलेला पत्ता बाहेर आला. कंपनीशी काडीचा संबंध नसलेला. "नाव पॉलिश, पत्ता आतला रंग," ती म्हणाली. "आणि घाई कोण करतं? ज्याचा माल खराब, तोच."

मंडळी, शैला गेली तेव्हा दुःखाच्या जोडीला मला भीतीही वाटली. खोटं कशाला बोलू? आता विचारायचं कुणाला?

आणि परवा तसाच मेल आला. या वेळी 'नवीन बिल जोडलं आहे, लगेच उघडा'. माझा हात सवयीनं फोनकडं गेला. तिचं नाव काढलं. मग भान आलं. 

मग चहा ठेवला. होय, चहाच ठेवला. नावावर बोट ठेवलं, पत्ता भलताच. जोडलेलं बिल उघडलं नाही. मेलमधल्या नंबरला हात लावला नाही. सॉफ्टवेअर घेतलं होतं त्या पावतीवरच्या नंबरला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "काका, आम्ही काहीच पाठवलेलं नाही. बरं केलंत, उघडलं नाहीत."

तसाच शेजारच्या बबनरावांकडं पळालो. त्यांनाही तोच मेल. बोट बटणावर! मी ओरडलो, "गड्या, मोडून बघितलंस का?" त्यांनी बोट मागं घेतलं. बबनराव, खरं की नाही? बघा, मान हलवतायत.

सुहासराव, त्या क्षणी मला वाटलं, शैला पेठेतून गेलेली नाही. मी घाबरतो, घाबरणारच. पण आता मला मोडून बघता येतं. बबनरावांना येतं. उद्या त्यांच्या सुनेला येईल.

एवढीच विनंती. असा मेल कुणाला आला, तर लाज धरू नका. चुकून दाबलं गेलं असलं तरी लपवू नका. मला लगेच निरोप धाडा. मी सगळ्यांना सांगत सुटेन. वाट बघतोय, लवकर कळवा.

आता तिच्यासाठी उभं राहून शांत राहू या. फोन बंद करा असं मी म्हणत नाही. वाजला तर वाजू द्या. फक्त कुणी हात लावू नका. घाई करायची नाही, हेच तर ती सांगायची.