जपानी घड्याळ आणि रंजिताचा मुहूर्त

— हां, कानाशी धरा, असं! टिकटिक ऐकू येते ना? नाही? मग दुसऱ्या कानाला लावा, आप्पा. आली! बघा कसा चेहरा खुलला! जपानच्या रेल्वेचं आहे हे. तिकडं ड्रायव्हरच्या पुढ्यात एक गोल खाच असते, त्यात हे घड्याळ बसवायचं आणि मग गाडी हाकायची — बिनघड्याळाचा ड्रायव्हर म्हणजे बिनकुंकवाची... जाऊ द्या. मागं बघा, कोरलंय. नक्षी नाही हो, अक्षरं आहेत! आमच्या नथमल शेठचा नातू श्रेणिक, मोबाइलचं दुकान आहे त्याचं, त्यानं फोन धरून वाचलं — सत्तेचाळीस. मला वाटलं आपल्या स्वातंत्र्याचं साल! पंधरा ऑगस्टला छातीवर लावून गावभर फिरलो, सरपंचानं सलाम ठोकला. नंतर कळलं, तिकडं राजा गादीवर बसला तिथून वर्षं मोजतात. घड्याळ निघालं बहात्तर सालचं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान!

अशी सहा आहेत. श्रेणिक मागवून देतो, मी डब्यात लपवतो — अहो, तो डबा नका उघडू, त्यात खरंच शेव आहे. तुम्ही आमच्या रंजिताला तुमच्या मुलासाठी बघायला येणार, म्हणून तिच्या आईनं सकाळीच बजावलं, "पोऱ्याना बाप ई ऱ्हायना, घड्याळेस्ना इषय काढू नका." मी कुठं काढला? तुम्हीच विचारलंत, किती वाजले.

तीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं मी, इथंच, खांडबाऱ्याच्या पुढं. मी हात वर केला की बैलगाडी थांबणार, जीप थांबणार, आमदाराची गाडीसुद्धा थांबणार. गावाला माझ्या वेळेची सवयच पडली. तीच सवय त्या लग्नात — कुठलं लग्न म्हणजे? रंजिताचं. मागच्या वैशाखात ठरलं होतं ना, मोडलं ते... तुम्हाला मध्यस्थानं सांगितलं नाही? नाही? अरे देवा.

आता अर्धं सांगण्यात काय अर्थ! ऐका. मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. नवरदेव तिकडं मारुतीच्या पारापाशी घोड्यावर, वऱ्हाड डीजेपुढं नाचतंय. इकडं मांडवात रंजिता एकटी पाटावर, भटजी अंतरपाट धरायला माणसं शोधताहेत. आणि मी हे घड्याळ असं वर धरून ओरडलो, "वेळ झाली! टाका अक्षता!" — आणि टाकल्या हो लोकांनी! शेजारचा गोवाल म्हणत होता, मोबाइलमध्ये अजून वीस मिनिटं आहेत. लोकांनी त्यालाच दटावलं. बँड वाजला. पंगत बसली. वरण-बट्टी वाढून झाली तेव्हा नवरदेव आला — मुंडावळ्या घामानं चिकटलेल्या, आणि समोर लोक बट्टी कुस्करताहेत! घोडा तेवढा शांत होता.

त्याचा बाप लालेलाल. म्हणाला, पाया पडून माफी मागा. मी म्हटलं, जपानी घड्याळ कुणासाठी थांबत नाही, मी कसा थांबू? वरात आली तशी परत फिरली. तेव्हापासून गाव मला येडा म्हणतं. म्हणू द्या.

हसा, हसा. तुम्ही हसता आहात म्हणून सांगतो — रंजिताच्या आईलासुद्धा ठाऊक नाही — घड्याळ बंद होतं, आप्पा. मी रोज पहाटे सहाही घड्याळांना किल्ली देतो, ताप असला तरी देतो. हळदीच्या दिवशी किल्ली द्यायला बसलो, तर रंजिता येऊन उभी. ती उपकेंद्रात नर्स आहे, डोंगरात एकटी गाडीवर जाते. तिकडच्या बाळंतिणी म्हणतात, सिस्टर येऊ दे, मगच. तर ती म्हणाली, "बाबा, त्यो म्हने, लगननंतर नोकरी सोड. माले हाई लगन नई करनं." मी म्हटलं, आता? पत्रिका वाटल्या, मांडव पडला, आता? ती निघून गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळीही, माझा हातच किल्लीला लागला नाही.

मांडवात खिशातून काढलं, तर काटे पावणेदहावर! आदल्या रात्रीचे पावणेदहा! तिच्याकडं पाहिलं. मान खाली, मेंदी लावलेल्या बोटांची मूठ. आणि हे बंद घड्याळच वर धरलं. पोरीनं लग्न मोडलं असं म्हणण्यापेक्षा बाप येडा आहे म्हणू देत ना लोक. मला काय, मी रिटायर माणूस.

तर आता मोकळंच विचारतो. तिच्या नोकरीचं तुमच्या घरी काय?

...हां. घरचं बघायला कुणीतरी लागतंच, बरोबर.

...वर्षभर करू द्यायची, मग बघू, असं. बरं. बरं.

द्या ते घड्याळ इकडं. सांभाळून — साखळी अडकली तुमच्या बटणात. हां, निघाली.

रंजिता! ए रंजिता! चहा नको मांडू वं. पाव्हना निंघनात.