स्टँडच्या पलीकडे

ती: अहो, परत हीच गल्ली! हे निळं दार मघाशीच बघितलं. दारातलं मांजरही तेच.

तो: मांजरं सगळी सारखीच दिसतात गं.

ती: एका कानाची? खरं सांगा, रस्ता माहीत नाही ना तुम्हाला?

तो: इतकी वर्षं गाडी आणली मी या गावात!

ती: म्हणून तर विचारतेय.

तो: अगं, गाडी आणायची, स्टँडवर लावायची, चहा मारायचा, गाडी वळवायची. स्टँडच्या पलीकडे पाऊल नाही टाकलं कधी.

ती: म्हणजे समुद्रसुद्धा...?

तो: वास यायचा.

ती: कमाल आहे! आणि मी मेली दरवेळी म्हणायची, मलाही न्या एकदा. तर तुमचं आपलं, काय ठेवलंय तिथे!

तो: मला तरी कुठे ठाऊक होतं काय ठेवलंय ते? गाडीत माणसं भरलेली असायची. बघत बसलो असतो आणि उशीर झाला असता म्हणजे?

ती: मला वाटायचं, इथे कुणी आहे की काय तुमची.

तो: होती ना. चहावाली. तोंडात एक दात नव्हता.

ती: हसवू नका, चप्पल सुटतेय. आधीच येताना गाडीत शेजारी बसून प्रत्येक वळणावर माझ्या चपलेवर ब्रेक दाबलेत तुम्ही.

तो: पाय ऐकत नाही अजून. रिटायर मी झालोय, तो नाही.

ती: माहितीये. महिनाभर घरात नुसत्या येरझारा चालल्यात. म्हणूनच ओढून आणलं. थांबा, त्या जाळं शिवणाऱ्या काकांना विचारते. काका, समुद्र कुठे हो?

काका: त्या भिंतीला वळसा घाला, बाई. जपून, एकदम पायच बुडतील.

(भिंतीपलीकडे.)

ती: अहो... हा बघा समुद्र!

तो: एवढा जवळ होता गं. मी हॉर्न दिला की इथे ऐकू येत असणार.

ती: येतोय की! ऐकलंत? आपली गाडी! चला, चला.

तो: बस.

ती: हो, बसच! सुटेल ती!

तो: अगं, खाली बस. इथे वाळू कोरडी आहे.

ती: बरं वाटतंय ना तुम्हाला? आयुष्यात कधी गाडी चुकवली नाहीत.

तो: सुटू दे. तिचा ड्रायव्हर आहे तिच्याजवळ.

ती: आणि पुढची कधी?

तो: मला काय विचारतेस? मी पॅसेंजर आहे.